स्वतःचे ट्रॅकिंग डोमेन घेताना सीएए नोंदही पाहावी
जाहिरातींचे क्लिक मोजणाऱ्या लिंक ज्या पत्त्यावरून जातात, ते ट्रॅकिंग डोमेन अनेकांत सामायिक असेल तर दुसऱ्याच कुणाच्या फसव्या लिंकमुळे आपल्याही लिंक अडवल्या जातात, म्हणून स्वतःचे डोमेन घ्यावे, असे नेहमी सांगितले जाते आणि ते मान्य आहे. मात्र त्यासाठी ‘एक सीनेम नोंद टाकली की काम झाले’ हे पटत नाही (सीनेम म्हणजे आपले उपडोमेन क्लिक मोजणाऱ्या सेवेच्या, म्हणजे ट्रॅकरच्या, सर्व्हरकडे वळवणारी डोमेनची नोंद). गेल्या दिवाळीत आम्ही रात्री सीनेम टाकला, सकाळी जाहिराती सुरू केल्या आणि मोबाइलवर लिंक उघडताच ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा दिसू लागला. आमचा ट्रॅकर सुरक्षित कनेक्शनसाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून आपोआप घेतो. पण आमच्या मुख्य डोमेनवर पूर्वी कोणीतरी टाकलेल्या सीएए नोंदीत, म्हणजे डोमेनला प्रमाणपत्र कोणती संस्था देऊ शकते हे सांगणाऱ्या नोंदीत, दुसऱ्याच संस्थेचे नाव होते, आणि उपडोमेनसाठी वेगळी नोंद न सापडल्यास मुख्य डोमेनचीच लागू होते. नोंदीत एक ओळ वाढवली आणि प्रमाणपत्र मिळाले, पण तोवर दुपार झाली होती आणि क्लिकचे पैसे गेले ते गेलेच.

मुख्य डोमेनचेच उपडोमेन वापरले की ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये कुकी (ग्राहक ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) अधिक टिकते, हा समजही आता जुना झाला आहे: सीनेमआड दडलेल्या तिसऱ्या पक्षाच्या सर्व्हरने ठेवलेल्या कुकीला सफारी २०२० पासून ७ दिवसांचीच मुदत देते. त्यामुळे मोहिमांसाठी मी हल्ली वेगळेच, स्वस्तातले डोमेन ठेवतो.