चालणं हवंच, पण वजनही उचला

एकांनी लिहिलंय की पन्नाशीनंतर रोज तळजाईच्या टेकडीवर चालून आलं की झालं, बारबेल (दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या, म्हणजे प्लेटा, लावायचा लोखंडी दांडा) वगैरे पोरांचं काम, गुडघे जातात. अहो चालणं उत्तमच, पण त्याने मांड्या-पाठीची ताकद फारशी वाढत नाही आणि हाडांना तर भार लागतोच. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला होता, पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांवर, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, ८ महिने, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), तेही चांगलं जड वजन पण देखरेखीखाली, तर कण्याच्या हाडांची घनता चक्क वाढली!

म्हणूनच आईला मागे लागून डेडलिफ्ट सुरू करायला लावलं. आधी नुसती काठी, कारण नेहमीचा रिकामा बारच २० किलोचा असतो, मग बायकांचा १५ चा. बार नडगीला जवळजवळ चिकटलेला, पाठ सरळ, पोट घट्ट आणि मग पायांनी जमीन खाली दाबायची, बस. नंतर सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा. आता मंडईतल्या पिशव्या मला धरू देत नाही.

आणि मॅरेथॉनवाल्यांनो, अंग जड होईल ही भीती सोडा, जड वजन मोजक्याच वेळा उचलण्याचा (मोजके रेप्स) सराव केला की त्याच वेगाने धावायला शक्ती कमी लागते.

बीपी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्याच दिवशी बारवर प्लेटा चढवणारा ट्रेनर भेटला तर सरळ जिम बदला.