प्रत्येक वहीवर 'छान!' लिहावं का?

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. मुलं हिरमुसू नयेत म्हणून सरसकट 'छान!' लिहायचे. काल एका मुलीने वही पुढे करून विचारलं, "बाई, तुम्ही वाचलंत का?" वाचलं नव्हतं. रात्रभर टोचत राहिलं. आता काय करू?

उत्तर: आधी तिला खरं सांगा. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स शिक्षकाच्या गुणांत खरेपणाला पहिलं स्थान देत.

उत्तर: 'विहिरीचं वर्णन वाचताना गारवा जाणवला, शेवट मात्र घाईत उरकलास' असं नेमकं लिहा. मुलांना पोकळ कौतुक लगेच कळतं हो. रोज पाचच वह्या घ्या, पण पूर्ण वाचा.

प्रश्नकर्ती: आज सांगितलं. "मग आता वाचा," म्हणाली. शेजारीच उभी राहिली, ओळीवर बोट ठेवून.