सुमेरी काव्यांना 'नायकाचा प्रवास' हा साचा लावायचाच कशाला?

मातीची_पाटी:
हल्ली कुठलीही जुनी कथा घ्या, कोणीतरी जोसेफ कॅम्पबेलचा तो १९४९ सालचा साचा काढतंच. घर सोडलं, उंबरठा ओलांडला, संकटं झेलली, बदलून परत आला, लोकांसाठी काहीतरी घेऊन आला. उरुक शहराचा राजा गिल्गामेश, त्याला तर हा साचा हमखास लावतात. पण आपल्या डोळ्यासमोर जो गिल्गामेश असतो ना, मित्र गेल्यावर सैरभैर होऊन अमरत्व शोधत रानोमाळ हिंडणारा, तो अक्कडी भाषेतल्या मातीच्या बारा पाट्यांमधला आहे. त्याच्या कितीतरी आधीच्या सुमेरी भाषेत (सुमेर म्हणजे आजचा दक्षिण इराक) त्याचं सलग महाकाव्य नाहीच, पाच सुट्या कविता आहेत, आणि त्यात एन्किदू हा प्रामुख्याने त्याचा चाकर आहे.

हुवावाची, म्हणजे देवदाराच्या रानाच्या राखणदाराची, कविता घ्या. बिल्गामेस (सुमेरीत त्याचं नाव हेच) तटावरून नदीत वाहणारी प्रेतं बघतो, आपलंही हेच होणार हे त्याला कळतं, मग म्हणतो देवदारांच्या डोंगरात जाऊन नाव तरी करतो. ज्यांच्यामागे घरदार नाही, आई नाही असे उरुकचे पन्नास तरणे सोबत घेतो. तिथे गेल्यावर लढाई कसली, सरळ फसवणूक! हुवावाला आपल्या बहिणी बायका म्हणून देऊ करतो, उंची पीठ, चपला, रत्नं देऊ करतो, आणि बदल्यात त्याचं रक्षण करणारी सातही तेजं एकेक करून काढून घेतो आणि तो उघडा पडला की त्याला बांधतो. मग दया येते, सोडून देऊ म्हणतो, तर एन्किदू त्याचा गळाच कापतो. मुंडकं देवांचा प्रमुख एन्लिल याच्यापुढे ठेवल्यावर तो भडकतो, म्हणतो अरे, त्याला तुमच्यासमोर बसवायला हवं होतं, तुमची भाकरी त्याने खायला हवी होती, तुमचं पाणी प्यायला हवं होतं. आणि ती तेजं शेतं, नद्या, सिंह अशी वाटून टाकतो. संपली कविता. यात कोण बदललं? लोकांना काय मिळालं? मला ही कविता भयंकर आवडते ती याच्यामुळेच, की देव नायकाला शाबासकी देत नाही.

डोंगरवाट:
पूर्ण असहमत. तुम्ही नेमकी सोयीची कविता निवडली. लुगालबांदा कुठे गेला? उरुकच्या एन्मेरकार राजाची फौज अराट्टा शहरावर चाललीय, त्यात सात मोठे भाऊ आणि हा सगळ्यात धाकटा. वाटेत आजारी पडतो, भाऊ त्याला गुहेत ठेवून पुढे जातात, शेजारी अन्न ठेवतात, आणि मेलाच तर परतताना प्रेत घेऊन जाऊ असं ठरवतात! तो एकटा पडून सूर्याला, इनान्ना देवीला, चंद्राला हाका मारतो, बरा होतो, स्वतः आग पेटवतो, भाजतो, शिकार करतो, देवांना जेवू घालतो. पुढच्या कवितेत अन्झू पक्ष्याच्या पिल्लाला गोड पोळ्या भरवतो, डोळ्यांत काजळ घालतो, पक्षी खूश होऊन संपत्ती देतो, अजिंक्य बाण देतो, शिरस्त्राण देतो, तो एकही घेत नाही. मागतो काय, तर न थकता धावण्याची ताकद. भावांनी टाकलेला पोरगा शेवटी सगळ्या फौजेच्या कामी येतो. आता हा प्रवास नाही तर काय आहे?

मातीची_पाटी:
लुगालबांदा मलाही जीव की प्राण आहे. पण अन्झू त्याला बजावतो की हे वरदान सोबत्यांना सांगायचं नाही, आणि तो नाही सांगत. वर्षभर वेढा घालूनही अराट्टा पडत नाही, राजाला उरुकमध्ये इनान्नाकडे निरोप न्यायला माणूस हवाय, हा म्हणतो मी जातो, एकटाच जातो. सोबती विनवण्या करतात, तू जगणार नाहीस म्हणतात. सात डोंगर ओलांडून त्याच रात्री पोचतो आणि उपाय विचारून घेतो. म्हणजे मिळालेली गोष्ट तो वाटत नाही, लपवून वापरतो. साच्यातल्या शेवटच्या पायरीच्या हे बरोबर उलट आहे.

डोंगरवाट:
लपवून का होईना, शहरासाठी वापरतो ना? इनाम घ्यायला थोडाच गेला होता. वाटलं नाही म्हणून समाजाला मिळालं नाही हे मला पटत नाही.

नदीकाठ:
तुम्ही दोघंही राजवाड्यातलं राजकारण विसरताय. या काव्यांच्या बहुतेक पाट्या निप्पूर शहरातल्या, इसवीसनपूर्व १८०० च्या आसपासच्या, लेखनिक व्हायला आलेल्या पोरांनी गिरवलेल्या. हुवावाची कविता तर त्यांच्या ठरलेल्या दहा पाठांपैकी एक. पण मूळ रचना त्याआधीच्या, उर शहराच्या राजांच्या काळातल्या मानल्या जातात, आणि तिथला शुल्गी राजा स्वतःला गिल्गामेशचा भाऊ आणि लुगालबांदा आणि त्याची बायको निन्सून देवी यांचा मुलगा म्हणवून घ्यायचा. म्हणजे हे नायक दरबाराचे पूर्वज होते. त्यांचा 'आतला बदल' दाखवणं ही कवीची गरजच नव्हती, राजाचं कूळ थोर दाखवणं ही होती. अक्काची गोष्ट बघा, किशचा राजा उरुकला वेढा घालतो, म्हातारे म्हणतात झुका, तरुण म्हणतात लढा, गिल्गामेश लढतो, जिंकतो आणि जुने उपकार आठवून अक्काला सोडून देतो. राजाने कसं वागावं याचा धडाच आहे तो.

सातवं_दार:
नदीकाठ, धडा असेल, पण म्हणून त्यातलं माणूसपण कमी होत नाही. आणि सगळे पुरुषांवरच का अडकलात? इनान्ना पाताळात उतरते ती गोष्ट कॅम्पबेलने स्वतः त्याच्या पुस्तकात घेतलीय. सात दारं, प्रत्येक दाराशी एकेक अलंकार, वस्त्र काढून घेतात, शेवटी तिला मारून खुंटीला टांगतात. यापेक्षा खोल उतरणं कुठल्या साहित्यात आहे सांगा.

मातीची_पाटी:
उतरणं खोल आहे, एकशे एक टक्के. पण वर कशी येते ते बघा! तिची स्वतःची काही करामत नाही. तिची सेविका निन्शुबूर तीन दिवस तीन रात्री थांबून देवांच्या दारी रडते, एन्की देव नखातल्या मळापासून दोन जीव घडवतो, ते जाऊन कण्हणाऱ्या पाताळाच्या राणीच्या, एरेश्किगालच्या, सुरात सूर मिसळून कण्हतात, तेव्हा कुठे प्रेत मिळतं. आणि परतल्यावर बदली माणूस द्यावा लागतो म्हणून आपल्याच नवऱ्याला, दुमुझीला, पाताळाच्या हवाली करते, कारण तो शोक न करता थाटात सिंहासनावर बसलेला दिसतो. पुढे अर्धं वर्ष त्याची बहीण त्याच्या जागी जाते. माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात मोठं काळीज निन्शुबूरचं आहे, आणि साचा लावला की ती नुसती 'मदतनीस' होऊन कोपऱ्यात जाते. हाच माझा राग आहे.

सातवं_दार:
निन्शुबूरबद्दल अगदी मनातलं बोललात. तरी मी साचा सोडणार नाही, तो लावूनच मला पहिल्यांदा ही गोष्ट भिडली.

डोंगरवाट:
एक शेवटचा मुद्दा. 'बिल्गामेसचा मृत्यू' ही कविता. तो मरणशय्येवर आहे, स्वप्नात देवांची सभा भरलीय, आणि तिथे देव त्याची कामगिरी मोजतात: देवदाराचं रान, हुवावा, आणि महापुरातून वाचलेल्या झिउसुद्राच्या घरापर्यंत पोचून सुमेरचे विसरले गेलेले जुने विधी देशात परत आणले. हे तर साच्यातलं वरदानच झालं, तेही सुमेरी भाषेत. तुम्ही म्हणत होतात ना, लोकांना काय मिळालं?

मातीची_पाटी:
हो, त्या ओळी आहेत आणि सुंदर आहेत. पण किती आहेत? चार-दोन ओळींत प्रवास उरकलाय. आणि एवढं मोजूनही देवांचा निकाल काय, तर झिउसुद्रा हा एकटाच अपवाद, तुला मरावं लागेल. त्यानंतर कवी रमतो तो कबरीत: फरात नदीचं पाणी वळवलं, पात्र कोरडं केलं, तिथे दगडाची कबर बांधली, मग पाणी पुन्हा सोडलं. ज्या गोष्टीवर कवीने जीव ओतला ती मोजायची की आपल्याला हवी ती? या कबरीला तुमच्या साच्यात कुठली पायरी देणार ते सांगा.

डोंगरवाट:
पायरी आहे. मेल्यावर तो पाताळात मृतांचा न्यायाधीश होतो, म्हणजे दोन्ही जगांत त्याची सत्ता चालते. या कवितेच्या, इराकमधल्या तेल हद्दादला सापडलेल्या पाट्यांवरचा मजकूर परत एकदा नीट वाचतो आणि रविवारी सविस्तर लिहितो. धागा वर ठेवा.