डायमांडा गालास: गाणं की नुसतं किंचाळणं?

सूरशोध:
अमेरिकन गायिका डायमांडा गालासचा ‘प्लेग मास’ (१९९१) हा अल्बम ऐकताना सूर कुठे संपतो आणि ओरडणं कुठे सुरू होतं, तेच कळत नाही. ‘बायकी गाण्याला आव्हान’ असं हिच्याबद्दल सगळीकडे लिहितात. मोडलं नेमकं काय? आणि घसा न फाडता हे जमतं कसं?

खर्ज:
गोड, हलका, श्वास ऐकू न येणारा आवाज आणि आवरून धरलेलं दुःख, ही बाईच्या गाण्याकडून अपेक्षा. गालास ग्रीक वंशाची. ग्रीसमधल्या मानी नावाच्या भागात बायकांचा मृत्यूविलाप चारचौघांत होतो, त्यात तक्रार असते, कधी सूडाची मागणीही. तोच धागा तिने एड्सने गेलेल्यांसाठी वापरला, तोही न्यूयॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये (ध्वनिमुद्रण १९९०). त्यामुळे ‘सूर सुटला’ म्हणणं चूक. ऑपेराच्या कंपनातून ती थेट गुरगुरण्यात उतरते, तेही ठरवून.

रंगपेटी:
गालासच्या आधी गायिका कॅथी बर्बेरियन ऐका. संगीतकार जॉन केजच्या ‘आरिया’त (१९५८) स्वरलेखन म्हणजे काळ्या आणि आणखी ८ रंगांच्या नागमोडी रेषा. कुठला रंग म्हणजे कुठली गायकी, हे गाणाऱ्याने ठरवायचं. बर्बेरियनने पिवळ्याला कलोरातुरा (ऑपेरातली उंच, भराभर तानांची गायकी) दिली, तांबड्याला कॉन्ट्राल्टो (बायकांचा सर्वांत खालचा आवाज), फिकट निळ्याला तान्हं बाळ, तपकिरीला नाकातला आवाज, जांभळ्याला अभिनेत्री-गायिका मार्लेन डीट्रिकची ढब! म्हणजे नाजूक बायकी आवाज हा पेटीतला एक रंग, पुढच्याच ओळीला पुसलेला. (‘आव्हान’ हा समीक्षकांचा लाडका शब्द, मला हे जास्त पटतं.)
करून बघायचं तर एकच ओळ तीन रंगांत म्हणा आणि रेकॉर्ड करा. रंग बदलताना मध्ये थांबलात की ती नक्कल वाटते. बदल एकाच श्वासात व्हायला हवा.

खर्ज:
घशाचं राहिलं. खरखरीत किंकाळीत बहुधा स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही थरथरतात. त्यासाठी हवेचा जोर लागत नाही. नवखे नेमके तिथेच चुकतात: मान ताठ, पोटाऐवजी गळ्यातून धक्का. आधी सौम्य ‘ह’ धरून हळू आवाजात खरखर काढा, ५ सेकंदांपुरती. आवाज मोठा करणं मायक्रोफोनवर सोडा, गालासही एकाहून अधिक मायक्रोफोन वापरते.
श्वास सोडताना नव्हे, तर आत घेताना गाऊन बघितलंत, तर तोंडावाटे कोरडी हवा थेट स्वरतंतूंवर जाते, म्हणून दोन-तीन प्रयत्नांनंतर पाणी प्या. खवखव किंवा खोकला आला की त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशीही आवाज बसलेला असेल तर पद्धत चुकली आहे, ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका.