मदत हवी आहे: वाटीचं माप ग्रॅममध्ये कसं आणायचं? (लाडवांचा भुगा झालाय)

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. ओळखीतल्या तीन घरांतून दिवाळीसाठी बेसनाच्या लाडवांची ऑर्डर आली आहे, किलोवर. सासूबाईंच्या वहीत मात्र सगळं वाट्यांत: 4 वाट्या बेसन, 2 वाट्या पिठीसाखर, 1 वाटी तूप, वेलची अंदाजे.

म्हणून सीताबर्डीवरून डिजिटल काटा आणला. त्यांच्याच वाटीत पाणी भरून तोललं, बरोबर 200 ग्रॅम. म्हटलं, झालं काम! 800 ग्रॅम बेसन, 400 पिठीसाखर, 200 तूप. बेसन कढईत कोरडंच फिरत राहिलं आणि शेवटी परातभर भुगा. दोन दिवस झाले, दुधात कालवून खाऊन राहिलो आहोत.

काटा चुकीचा की वही? नेटवरही कुठे कप 240 मिलीचा, कुठे 250 चा. कोणाकडे तक्ता आहे का?

इतवारीकर:
ताई, काटाही बरोबर अन् वहीही. मिली म्हणजे भांड्यातली जागा, ग्रॅम म्हणजे वजन. दोन्ही आकडे जुळतात ते पाण्याचे. बेसन भुसभुशीत, त्यात हवाच किती! 240 मिलीच्या कपात चाळलेलं बेसन 90-100 ग्रॅम बसतं. मैदा 120-125, पिठीसाखर 120 च्या आसपास, दाणेदार साखर 200, पातळ तूप 215-220, मध तर 340 पर्यंत. तुमची वाटी 200 ची, म्हणून यातून सहावा हिस्सा वजा करा.

तुम्ही बेसन घेतलं दुपटीहून जास्त, साखर दुप्पट, अन् तूप जवळपास तेवढंच. लाडू वळेल काहून?

पोळपाट:
तक्त्यावर फार विसंबू नका. मी एकाच कपाने मैदा मोजला. चमच्याने हलका भरला तर 120, डब्यात कप खुपसून काढला तर 145. तुमचीच वाटी, तुमचंच पीठ, तीनदा भरून तोला आणि सरासरी घ्या. रवाळ बेसन असेल तर आकडा आणखी वेगळा.

आणि सासूबाईंना विचारा, वाटी सपाट की शीग लावून? शेर-पायलीही जागेचीच मापं होती, चार शेरांची पायली, आणि तिथेही शिगेवरून वाद व्हायचे. तुपाचंही विचारा. आपल्याकडे मे महिन्यात डब्यातलं तूप आपोआप पातळ असतं, थंडीत थिजतं. थिजलेलं चमच्याने वाटीत भरलं की मध्ये पोकळ्या राहतात.

धागाकर्ती:
विचारलं. त्या हसल्याच. "बेसनाला शीग, साखरेला नाही, तूप पातळ करून. एवढं काय लिहायचं त्यात?" घ्या!

आता तोललं. शिगेची बेसनाची वाटी 112, 118, 115. पिठीसाखर 100. पातळ तूप 182. म्हणजे 460 बेसन, 200 साखर, 182 तूप, एकूण 842 ग्रॅम. काल केले, छान वळले. तयार लाडू भरले 815 ग्रॅम. थोडी ओल भाजण्यात गेली, थोडं कढईला चिकटलं. त्या हिशेबाने किलोसाठी 565 बेसन, 245 साखर, 225 तूप धरते आहे.

आधीचा भुगा अर्धा उरलाय. त्याचं काही होईल का?

इतवारीकर:
होईल ना. 800 बेसनाला तुमच्या नव्या मापाने तूप लागतं 315 च्या जवळ. घातलं होतं 200, कमी पडलं 115. अर्धा भुगा असेल तर 60 ग्रॅम तूप कडकडीत गरम करून घाला, कालवा आणि कोमट असतानाच वळा. बेसन कच्चट लागत असेल तर मात्र वळू नका. साखर पडल्यावर ते परत भाजता येत नाही, करपतं. साखरही थोडी जास्त आहे, तेव्हा हे घरीच खा, ऑर्डरमध्ये देऊ नका.