मदत हवी आहे: चिनूक वाऱ्याची ऊब नेमकी कुठून येते?

नमस्कार मंडळी,

मी कॅनडातील कॅल्गरी येथे राहतो. हिवाळ्यात रॉकी पर्वतावरून चिनूक उतरला, की उणे वीस अंशांत गोठलेल्या या शहराचे तापमान काही तासांत शून्याच्या वर जाते. दक्षिण डकोटातील स्पिअरफिश या गावी तर 22 जानेवारी 1943 रोजी सकाळी पारा अवघ्या दोन मिनिटांत सुमारे उणे 20 वरून 7 अंश सेल्सिअसवर गेल्याची नोंद आहे. या उबेची दोन स्पष्टीकरणे माझ्या वाचनात आली असून त्यांचा मेळ कसा घालावा, हे मला कळत नाही.

पहिले शालेय भूगोलातले. वातसन्मुख, म्हणजे वाऱ्याकडे तोंड असलेल्या, उतारावर चढणाऱ्या दमट हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन होते, सुप्त उष्णता मोकळी होते आणि त्यामुळे ती हवा किलोमीटरमागे साधारण सहाच अंशांनी थंड होते. पाऊस वा बर्फ तिकडेच पडून गेल्यावर कोरडी झालेली हवा उतरताना मात्र किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापते. आल्प्समधील फॉन हा चिनूकसारखाच उबदार वारा सहारातून येत नसून खाली उतरताना दाबला गेल्यामुळे तापतो, हे ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ युलियुस हान यांनी 1866 सालीच दाखवले होते, त्यामुळे उतरणीच्या भागाबद्दल माझी शंका नाही. शंका आहे ती चढणीबद्दल.

कारण दुसरे स्पष्टीकरण असे, की हिवाळ्यात पर्वताच्या पश्चिमेकडील दऱ्यांतली थंड, जड हवा बहुतेक वेळा वर चढतच नाही. ती अडून बसते आणि माथ्याच्या उंचीवरची हवाच थेट पूर्वेकडे खाली ओढली जाते. तीन हजार मीटरवर उणे दहा अंशांत असलेली हवा हजारएक मीटरवरच्या कॅल्गरीपर्यंत उतरली, तर ती अधिक दहाच्या आसपास पोहोचते. यात पावसाचा एक थेंबही लागत नाही! एड्रियाटिक किनाऱ्यावरचा बोरा हा डोंगरावरून येणारा थंड वारासुद्धा उतरताना तापतोच, परंतु तो मुळातच इतका थंड असतो आणि किनाऱ्यावरची हवा इतकी उबदार, की लोकांना तो बोचरा लागतो. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, तरी पाठ्यपुस्तके पहिल्यालाच का धरून बसली आहेत, याचे आश्चर्य वाटते.

माझा मुख्य प्रश्न असा, की एखाद्या विशिष्ट दिवशीच्या चिनूकमध्ये या दोहोंचा वाटा किती, हे उपलब्ध नोंदींवरून कसे ठरवावे? रॉकीच्या पश्चिमेकडील केलोना आणि पूर्वेकडील स्टोनी प्लेन येथून सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्यांच्या नोंदी मिळतात. माथ्याच्या उंचीवरील हवा कोरडीच खाली आणली असता तिचे जे तापमान होईल, ते कॅल्गरीतील प्रत्यक्ष तापमानाशी जुळले, तर दुसरे स्पष्टीकरण सिद्ध झाले असे मानावे काय? की केलोनापर्यंत पोहोचण्याआधीच, म्हणजे किनाऱ्याजवळच्या पर्वतरांगांवर, पाऊस पाडून त्या हवेने सुप्त उष्णता मिळवलेली असते आणि त्यामुळे ही कसोटीच फसवी ठरते?

याच्याशी निगडित एक उपप्रश्न आपल्याकडचा आहे. मार्चमध्ये पूर्वेकडून वारे वाहतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, तेव्हा मुंबई तापते. सुमारे 560 मीटर उंचीवरच्या पुण्याची हवा समुद्रसपाटीला आली, तर ती साडेपाच अंशांनी तापायला हवी, आणि तिथे पावसाचा प्रश्नच नसतो. सह्याद्रीच्या उतरणीवरून येणाऱ्या या हवेला फॉनच्या जातीचा वारा म्हणता येईल का, की तापलेल्या जमिनीचा आणि रोखलेल्या समुद्री वाऱ्याचाच परिणाम त्यात मोठा असतो?

वाऱ्याच्या वेगाचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. 11 जानेवारी 1972 रोजी कोलोराडोतील बोल्डर येथे झालेल्या वादळासारख्या घटनांमागे पर्वतलहरींचे (पर्वत ओलांडताना हवेत उठणाऱ्या लाटांचे) वेगळेच गणित आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा लागेल. येथे फक्त उबेच्या उगमाबद्दल, शक्यतो आकडेमोडीसह, मार्गदर्शन करावे, ही जाणकारांना विनंती.