आग विझल्यानंतरचं काम
कुणीतरी म्हटलंय, फायर मार्शलचं, म्हणजे इमारतींची अग्निसुरक्षा तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं, ऑफिस म्हणजे नुसतं परवानगीवरचं शिक्कामोर्तब. मला नाही पटलं. आग विझल्यावर ती कुठून लागली हे शोधणं बऱ्याच ठिकाणी याच लोकांकडे असतं. भिंतीवर काजळीचा इंग्रजी 'व्ही'सारखा आकार उमटतो, त्याचं खालचं टोक बहुतेकदा आगीच्या मुळाकडे नेतं. तिथं वितळलेली एक्स्टेन्शन कॉर्ड सापडली, की पुढच्या तपासण्यांत आधी कॉर्डच बघतात. जिन्याचा फायर डोअर वीट लावून उघडा ठेवलेला दिसला की ते अडून बसतात, आणि बसायलाच हवं! आगीत माणसं बहुतेकदा भाजण्याआधी धुरानं गुदमरतात. जिन्यात धूर शिरू न देण्यासाठीच तो दरवाजा असतो. ते तुमच्या इमारतीत तपासणीला आले की सोबत फिरा, काय खटकलं ते विचारून घ्या.